सुतारकामाचे शिक्षण: खतावणीपासून लेसरपर्यंत

गावगाड्यात सुतार थोरल्या कासेचा बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, असा व्यवहार होता. विद्या घरातच राही. पोराच्या हाती वाकस लवकर येत नसे. आधी करवतीचे दुसरे टोक धरणे, पटाशीला धार लावणे आणि बाप खतावणीने रेघ कुठे मारतो ते पाहणे. माप गजाचे, 24 तसूंचा एक गज. आराखडा कागदावर उतरत नसल्यामुळे बाहेरच्याला तो शिकायला मिळणे अवघडच होते.

1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने शाळेत शिकवायच्या मूलोद्योगांत सुतारकामही सुचवले. जातीबाहेरच्या मुलासाठी ते तत्त्वतः खुले झाले. प्रत्यक्षात सूतकताईच अधिक चालली. खरा फरक पडला तो 1950 च्या कारागीर प्रशिक्षण योजनेने. आयटीआयमध्ये रंध्याबरोबर रेखाचित्रही आले आणि सांधा हाताआधी कागदावर समजू लागला.

संगणकाने हीच कागदाची परंपरा पुढे नेली. 2000 साली आलेल्या स्केचअप या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती 2006 मध्ये गूगलने खुली केली. कुसू भोकात कसे बसते, हे जोडलेल्या लाकडात दिसत नाही. पडद्यावर मात्र दोन्ही तुकडे वेगळे करून, फिरवून पाहता येतात. नवशिक्याला याचा मोठा आधार होतो.

पाबळच्या विज्ञान आश्रमात (स्थापना 1983, डॉ. श्रीनाथ कलबाग) 2002 मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यावरून वस्तू बनवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांत तिची गणना होते. अशा प्रयोगशाळेत प्लायवूडच्या खाचा लेसरने कापताना सुतारांचा जुना धडा नव्याने गिरवावा लागतो: करवत लाकूड खाते. म्हणून सुतार रेघेवर कापत नाही, टाकाऊ बाजूने कापतो. लेसरही थोडे खातोच. तेवढी रुंदी आराखड्यात धरली नाही, तर खाच ढिली पडते.

प्लायवूडला मात्र सागासारखी उभी-आडवी रग, म्हणजे तंतूंची दिशा, नसते. सागाच्या उलट्या रगेवर रंधा अडतो, लाकूड उचकटते. हे पडद्यावर कळत नाही. मापांचीही गल्लत होते. सॉफ्टवेअरमध्ये आकडे सहसा मिलिमीटरमध्ये भरले जातात, कारखान्यातला मिस्त्री अजून सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3.2 मिलिमीटर. संगणकावर शिकून आलेल्या मुलाला मिस्त्रीच्या हाताखाली गेल्यावर हे रूपांतर तोंडी करावे लागते.