मॅक्स्वेल रस्त्यावरील गाणें

अमेरिकेंतील शिकागो शहराचें नांव निघालें कीं पोलादाचे कारखाने आणि गगनचुंबी इमारती डोळ्यांपुढें उभ्या राहतात. याच शहरानें ‘ब्लूज’ या गायनप्रकारास नवें रूप दिलें, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाहीं.

ब्लूज मूळचें शिकागोचें नव्हे. दक्षिणेंत, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांत तें वाढीस लागलें. महाराष्ट्रांतील जात्यावरच्या ओवीप्रमाणें त्यालाही श्रमाची व सोसण्याची पार्श्वभूमि आहे. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां आळवावयाची आणि तिसरींत तिचें उत्तर द्यावयाचें, अशी त्याची पुष्कळदां बांधणी असते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे लोक मोठ्या संख्येनें उत्तरेकडे निघाले. मागें अपमान, कर्ज आणि झुंडींच्या हातून होणाऱ्या हत्या होत्या. पुढें कारखान्यांतील रोख मजुरी होती. ‘शिकागो डिफेंडर’ हें त्यांचें वृत्तपत्र त्यांस बोलावीत होतें आणि इलिनॉय सेंट्रलची आगगाडी मिसिसिपींतून त्यांस आणून सोडीत होती. १९४० मध्यें शिकागोंत त्यांची संख्या सुमारें २,७८,००० होती. दहा वर्षांत ती ४,९२,००० च्या आसपास गेली.

१९४३ मध्यें आलेल्यांत मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, अर्थात् पुढें गाजलेला मडी वॉटर्स, हा होता. १९४१ मध्येंच संशोधक ॲलन लोमॅक्स यांनीं मिसिसिपींतील मळ्यावर त्याचें गाणें ध्वनिमुद्रित केलें होतें. मळ्यावरच्या शांततेंत साधी गिटार पुरेशी होई. शिकागोच्या मद्यगृहांतील गलक्यांत ती ऐकूं येईना. तेव्हां त्यानें विजेची गिटार हातीं घेतली. लिटल वॉल्टरनें माउथ ऑर्गन मायक्रोफोनला भिडविला. शहराच्या गोंगाटावर मात करण्यासाठीं गाण्यानेंच आवाज चढविला.

या गाण्याची खुली शाळा म्हणजे मॅक्स्वेल रस्त्यावरील रविवारचा बाजार. यहुदी व्यापाऱ्यांनीं वसविलेल्या त्या पेठेंत गवई पदपथावर उभे राहत, शेजारच्या घरांतून वा दुकानांतून विजेची तार ओढून घेत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नाण्यांवर गुजराण करीत. तेथें तिकीट नव्हतें, शिफारस नव्हती. गाणें आवडलें तर गर्दी थांबे, नाहीं तर पुढें जाई.

पोलंडहून आलेल्या चेस बंधूंच्या कंपनीनें १९५० पासून या गवयांच्या तबकड्या जगभर पोंचविल्या. मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून १९६२ मध्यें इंग्लंडांतील ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदानें आपलें नांव घेतलें.

पण जग ऐकूं लागलें तरी ती पेठ वांचली नाहीं. इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तारासाठीं १९९४ मध्यें जुना बाजार उठविण्यात आला व दुसऱ्या रस्त्यावर हलविण्यात आला. पुढें इमारतीही बहुतेक पडल्या. २०२१ मध्यें शहरानें मडी वॉटर्सच्या घरास ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला, हें उचितच झालें. तथापि घर जपल्यानें थोर गवयाची आठवण राहते, तबकडी जपल्यानें त्याचा सूर राहतो. नांव नसलेल्या नवख्यास उभें राहण्यापुरती जागा मात्र त्या पदपथानेंच दिली होती.