अंडे उकडताना : बारा मिनिटांचे गणित

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस वाशिम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे कुक्कुटपालन केंद्रातील सहा हजारांहून अधिक कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. अशी बातमी आली की स्वयंपाकघरातून सर्वांत आधी हद्दपार होते ते अंडे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हाही हेच घडले होते. अंडे खावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे ते किती शिजवले यावर अवलंबून असते. अन्नाच्या अगदी आतल्या भागाचे तापमान ७० अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले की बर्ड फ्लूचा विषाणू तग धरत नाही. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणूही तेवढ्या उष्णतेत नष्ट होतो. अर्थात बाधित परिसरातील अंडी बाजारात येऊ नयेत ही जबाबदारी प्रशासनाची. घरात जे करता येते ते एवढेच, की अंडे पूर्ण उकडावे.

पण नेमके इथेच नवशिक्यांचे बिनसते. अंडे उकडण्यात काय शिकायचे, असे म्हणून पातेले गॅसवर चढवले जाते आणि मग कधी बलक वाहता निघतो, कधी तो भुकटीसारखा कोरडा होतो, तर कधी सोलताना निम्मा पांढरा भाग टरफलालाच चिकटून जातो. शिक्षणासाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींचा पहिला स्वयंपाक बहुधा हाच असतो आणि पहिली फजितीही.

पाणी उकळते आणि अंडे उकडते, हा भेद मराठीने नेमका टिपला आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांपासून गोठू लागतो आणि ८० अंशांच्या आसपास पुरता घट्ट होतो. बलक ६५ ते ७० अंशांदरम्यान आळतो. म्हणजे पूर्ण घट्ट झालेला बलक हीच ७० अंशांची घरगुती खूण. त्यासाठी तापमापकाची गरज नाही. पाण्याच्या धडधडीत उकळीचीही गरज नसते. त्या खळबळीत अंडी एकमेकांवर आपटून तडकतात, एवढाच तिचा परिणाम. बारीक बुडबुडे येत राहतील इतपत उकळी पुरेशी होते.

सुरुवात खरेदीपासून करावी. दुकानात तीस अंड्यांचा ट्रे उघड्यावर ठेवलेला असतो. वाशिममध्ये मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा उन्हाच्या तोंडाशी ठेवलेला ट्रे टाळलेला बरा. तडा गेलेले किंवा विष्ठेने माखलेले अंडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. घरी आणल्यावर अंडी धुऊन ठेवण्याची अनेकांची सवय असते. ती चुकीची आहे. टरफलावरचा नैसर्गिक संरक्षक थर धुण्याने निघून जातो आणि सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत जाण्याची वाट मोकळी होते. धुवायचे ते उकडण्याच्या अगदी आधी. अंड्याच्या वयाची शंका असेल तर ते पाण्यात सोडून पाहावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते, कारण दिवसागणिक आतला ओलावा उडून बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. तरंगणारे अंडे वापरू नये.

आठवडी बाजारातील गावरान अंडी महाग असली तरी त्यांना मागणी असते. टरफलाच्या रंगाने पोषणात फरक पडत नाही आणि बलकाचा गडद रंग कोंबडीच्या खाद्यातून येतो. चवीची आवड ज्याची त्याची. उकडणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की गावरान अंडे आकाराने लहान असते, त्यामुळे ते लवकर होते.

आता प्रत्यक्ष कृती. फ्रिजमधील अंडी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत; गार अंडे गरम पाण्यात पडले की तडकते. पातेल्यात, विदर्भाच्या बोलीत गंजात, अंडी बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी उकळत ठेवावे. उकळी आल्यावर आच मंद करून एकेक अंडे डावाने अलगद तळाशी सोडावे. गार पाण्यातच अंडी ठेवून तापवण्याची रीत घरोघरी आहे. पण पाणी उकळायला लागणारा वेळ भांड्यावर, आचेवर आणि पाण्याच्या मापावर ठरतो, त्यामुळे घड्याळ नेमके कधी लावायचे याचा नवशिक्याला अंदाज येत नाही. उकळत्या पाण्यात अंडे सोडले की मोजणी त्या क्षणापासून सुरू होते. सहा-सात मिनिटांनी पांढरा भाग घट्ट व बलक वाहता राहतो. नऊ मिनिटांनी बलक कडेने आळून मध्यभागी मऊ असतो. बारा मिनिटांत अंडे पूर्ण उकडते. गावरान अंड्याला दहा मिनिटे पुरतात. लहान मुले, गर्भवती, वृद्ध व आजारी माणसांसाठी बारा मिनिटांचेच अंडे योग्य. अर्धवट उकडलेल्याचा मोह त्यांच्या बाबतीत नको.

वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथे पाणी १०० ऐवजी जवळपास ९८ अंशांनाच उकळते. मुंबईतील वेळेपेक्षा फार तर मिनिटभर अधिक द्यावे, इतकाच हा फरक. महाबळेश्वरला तो थोडा जाणवतो. लेहसारख्या ठिकाणी मात्र पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते आणि तिथे घड्याळाचा हिशेब साफ बदलतो.

पाण्यात चमचाभर मीठ घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने पाण्याचे तापमान नाव घेण्याइतके वाढत नाही. फायदा वेगळाच आहे. एखादे अंडे तडकलेच, तर बाहेर येणारा पांढरा भाग मिठामुळे चटकन गोठतो आणि सगळे पाणी फेसाळत नाही. ॲल्युमिनियमचे भांडे जड पाण्याने काळवंडते. पाण्यात लिंबाची उरलेली फोड टाकली की ते टळते. ज्या घरात मांसाहार होत नाही, तिथे अंड्यासाठी वेगळे पातेले ठेवण्याची, प्रसंगी ते अंगणातल्या चुलीवर चढवण्याची रीत आजही अनेक ठिकाणी पाळली जाते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते सोयीचेच. भांडे आणि पाण्याचे माप ठरून गेले, की अंदाज चुकत नाही. प्रेशर कुकरमध्येही अंडी होतात, मात्र प्रत्येक कुकरची शिट्टी निराळी. हात बसल्यावर तो प्रयोग करावा.

वेळ संपताच अंडी थंडगार पाण्यात टाकावीत. ही पायरी गाळल्यास गॅस बंद केल्यावरही अंडे आतल्या उष्णतेने शिजत राहते. बलकाभोवती दिसणारे हिरवट-करडे कडे याच अतिशिजण्याची खूण आहे. पांढऱ्या भागातील गंधक व बलकातील लोह यांच्या संयोगातून ते तयार होते. ते अपायकारक नाही, पण दिसायला ओंगळ आणि वासाला उग्र असते. थंड करण्याचे पाणी पिण्यायोग्य असावे, कारण गार होताना आकसणारे अंडे बारीक तड्यांतून ते आत ओढून घेते.

सोलण्याच्या कटकटीचे कारण मात्र बहुतेकांना उलटेच वाटते. अंडे जितके ताजे, तितके ते सोलायला अवघड. कालच घातलेल्या अंड्यातील पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. काही दिवसांत छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की ही पकड सैल होते. म्हणून ताजी गावरान अंडी आमलेटला वापरावीत आणि उकडण्यासाठी आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली घ्यावीत. टरफल सगळीकडून टिचवून, हवेची पोकळी असलेल्या बोथट टोकाकडून, वाहत्या पाण्याखाली सोलायला घेतले की पापुद्रा सहज हाती लागतो.

एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि ते न खाणाऱ्या मुलांना केळी, देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला. ते अंडे आता घरच्या डब्यातूनच द्यायचे, तर साठवणीचा विचार आलाच. उकडलेले अंडे कच्च्यापेक्षा लवकर खराब होते. दोन तासांत ते फ्रिजमध्ये जायला हवे आणि वैशाखातल्या दुपारी तर तासाभरातच. टरफलासह ते आठवडाभर टिकते, सोललेले त्याच दिवशी संपवावे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बंद राहणाऱ्या डब्यात ते न देता सकाळीच खाऊ घालावे.

फ्रिजमध्ये कच्ची आणि उकडलेली अंडी एकत्र झाली, तर ओट्यावर एकेक फिरवून पाहावे. उकडलेले अंडे भोवऱ्यासारखे गरगर फिरते, तर कच्चे आतल्या द्रवामुळे डगमगत लवकर थांबते.