पांढरी सहा आणि काळी चार

गणपतीपुळ्याला लागून असलेले मालगुंड हे कवी केशवसुतांचे (1866–1905) जन्मगाव. 1994 मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या त्यांच्या स्मारकात काही वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. सोबत आमच्या गायकवृंदाला पेटीची साथ करणारे, त्याच गावचे एक वृद्ध गृहस्थ होते. ‘सतारीचे बोल’ या कवितेवरून बोलणे सुरांकडे वळले आणि काकांनी मनात साठवून ठेवलेला प्रश्न विचारला : “फादर, तुमच्या पियानोच्या पुस्तकात सी मेजरपुढे एकही चिन्ह नसते आणि ए मायनरपुढेही नसते. मग वाजवणाऱ्याने षड्ज धरायचा कुठे?”

या प्रश्नामागे एक प्रसंग होता. ए मायनरमधील एक गीत बसवताना काका शेवटच्या ओळीत ‘काळी चार’ दाबत. “आरंभी शार्पचे चिन्ह नाही, तेव्हा सर्व पट्ट्या पांढऱ्याच,” असे आम्ही त्यांना सर्वांदेखत बजावले. त्यांनी मुकाट्याने ऐकले आणि गीताचा शेवट अधांतरी लोंबकळत राहिला. पुढे मूळ छापील प्रत पाहिली, तेव्हा जी स्वरापुढील शार्पचे चिन्ह उतरवून घेताना आमच्याच हातून गळल्याचे कळले. काकांचा कान बरोबर होता, आमचा कागद चुकीचा होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस बरेच मागे जावे लागले.

अकराव्या शतकात आरेत्सोच्या गुइदो या बेनेडिक्टाइन संन्याशाने संत योहान बाप्तिस्मा याच्या स्तोत्रातील ओळींची आद्याक्षरे घेऊन सहा स्वरांना नावे दिली. त्या काळी बी हा एकच स्वर दोन प्रकारे गाइला जाई. खालचा, मृदू बी गोलाकार अक्षराने लिहीत आणि वरचा चौकोनी अक्षराने. आजचे फ्लॅटचे चिन्ह त्या गोल अक्षरातून उतरले, तर फ्लॅट रद्द करणारे नॅचरलचे चिन्ह चौकोनी अक्षरातून.

मेजर-मायनर ही जोडी मात्र तेव्हा नव्हती. उपासनासंगीत आठ मोडमध्ये बांधलेले असे. 1547 मध्ये ग्लारेअन या स्विस विद्वानाने ‘डोडेकाकॉर्डन’ या ग्रंथात त्यांची संख्या बारावर नेली. त्याने नव्याने मांडलेल्या मोडपैकी आयोनियन म्हणजे आजचा मेजर आणि एओलियन म्हणजे नैसर्गिक मायनर. पुढील दीड-दोन शतकांत बाकीचे मोड मागे पडले. 1722 मध्ये बाखने बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीस सुरावटींत रचनांचा संग्रह सिद्ध केला. तरीही आरंभीची चिन्हे लिहिण्याची जुनी रीत लगेच सुटली नाही. बाखच्याच डी मायनरमधील एका टोकाटापुढे अपेक्षित फ्लॅट नाही, म्हणून तिला ‘डोरियन’ हे नाव चिकटले.

आपल्या पेटीच्या भाषेत हे सारे सोपे होते. पांढरी एकला षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या, तर पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावल निघतो. त्याच पट्ट्या, पण षड्ज पांढरी सहावर नेला, की गंधार, धैवत आणि निषाद कोमल होतात. हा आसावरी थाट, म्हणजेच ए मायनर. आपले जुने शास्त्रकार याला मूर्च्छना म्हणत. उलट षड्ज पांढरी एकवरच ठेवून आसावरी वाजवायचा, तर तीन स्वर उतरवावे लागतात. सी मायनरपुढे लिहिलेले तीन फ्लॅट ते हेच. प्रत्येक मेजरच्या षड्जापासून तीन पट्ट्या खाली, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून, त्याच चिन्हांचा मायनर राहतो. एक फ्लॅट दिसला तर पांढरी चारचा मेजर किंवा पांढरी दोनचा मायनर. एक शार्प दिसला तर पांढरी पाचचा मेजर किंवा पांढरी तीनचा मायनर.

म्हणजे की-सिग्नेचर स्वरांची यादी देते, घराचा पत्ता देत नाही. गीत कोठे येऊन विसावते, हे कानानेच ओळखावे लागते.

आता काकांची काळी चार. कोमल निषाद षड्जापासून पूर्ण स्वराच्या अंतरावर असतो, त्यामुळे घरी परतण्याची ओढ त्याच्यात कमी. तो अर्धा स्वर चढवला, की षड्ज त्याला खेचून घेतो. हा हार्मोनिक मायनर. त्याचेच स्वर आपल्या कीरवाणी रागाचे. मात्र त्यात धैवत आणि निषाद यांच्यामध्ये तीन अर्धस्वरांची दरी पडते. गळ्याला ती अवघड जाते, म्हणून मेलोडिक मायनरमध्ये आरोहात धैवतही चढवतात आणि अवरोहात दोन्ही पुन्हा कोमल करतात. चढलेला हा निषाद पाहुणा असतो. म्हणून त्याचे चिन्ह आरंभी येत नाही, ज्या स्वराला चढवायचे त्याच्यापुढे येते. मध्ययुगीन गायक तर तेवढेही लिहीत नसत. गीत संपत आले, की असा स्वर ते आपणहून चढवीत. काका अजाणता त्याच परंपरेत बसले होते.

मायनर म्हणजे शोक, हेही आम्ही गायकवृंदाला वर्षानुवर्षे शिकवले. परंतु पुनरुत्थान सणाचे प्राचीन ‘विक्टिमे पास्काली लाउदेस’ हे गीत पहिल्या मोडमध्ये आहे आणि त्या मोडचा गंधार कोमलच असतो. ज्या स्वरांना आम्ही रडके ठरवले, त्याच स्वरांत ख्रिस्तसभेने आपला सर्वांत मोठा आनंद शतकानुशतके गाइला आहे.

पुढच्या सरावाला आम्ही गायकवृंदासमोर चूक कबूल केली आणि प्रतीत गळलेले चिन्ह लाल शाईने भरले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी भाता उघडला, पांढरी सहाचा सूर धरला आणि शेवटच्या ओळीत काळी चारवर बोट ठेवले. गीत घरी पोहोचले.