बाष्पकापासून डॅशबोर्डापर्यंत : तेलदाबाच्या काट्याचा इतिहास

कैनाडसारखी गावे ज्या डहाणू-तलासरीच्या टापूत वसली आहेत, तेथून मुंबई आणि सुरत यांना जोडणारा बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग 1864 मध्ये पूर्ण झाला आणि वाफेच्या इंजिनाबरोबर दाबमापक हे उपकरणही या किनारपट्टीवरून धावू लागले. हे उपकरण तेव्हा नवेच होते. त्याचे पेटंट पॅरिसच्या युजीन बूर्दाँ या यंत्रज्ञाने 1849 मध्ये घेतले होते आणि त्यामागची निकड बाष्पकांच्या, म्हणजे वाफ तयार करणाऱ्या बंद पात्रांच्या, स्फोटांतून निर्माण झाली होती. बूर्दाँची रचना अगदी साधी आहे : चपटी केलेली, कमानीसारखी वाकवलेली, एका टोकाला बंद असलेली धातूची नळी आतील दाब वाढताच, महालक्ष्मीच्या जत्रेतल्या फुंकताच उलगडणाऱ्या कागदी पिपाणीप्रमाणे, किंचित सरळ होऊ पाहते आणि ती सूक्ष्म हालचाल दातेरी चाकाद्वारे काट्यापर्यंत पोहोचते.

मोटारीने हे उपकरण उसने घेतले, परंतु त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र उलटी झाली, कारण बाष्पकात भीती दाब चढण्याची होती, तर मोटारीत ती दाब उतरण्याची आहे. प्रारंभीच्या अनेक गाड्यांना तेलाचा पंपच नव्हता. फोर्डच्या मॉडेल टी या गाडीतही वंगण उडून आणि उताराने वाहून भागांपर्यंत पोहोचत असे, त्यामुळे मोजण्याजोगा दाब तेथे नव्हता. इंजिनांचा वेग वाढला, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांत दाबाने तेल पोहोचवणे अपरिहार्य झाले, आणि जो चालक इंजिन त्याच्या मर्यादेपर्यंत ताणणार त्या स्पोर्ट्स कारच्या चालकासमोर तेलदाबाचा काटा मानाने बसला. जुन्या गाड्यांत इंजिनातील तेलच बारीक नळीतून डॅशबोर्डापर्यंत येई, त्यामुळे वाचन विश्वसनीय असे, पण नळी तडकल्यास तेल थेट चालकाच्या पायांवर सांडे. पुढे विजेवर चालणारे मापक आले. त्यांत अर्थिंगचा एक सैल जोडही काट्याला खोटे बोलायला लावतो, म्हणून अनपेक्षित आकडा दिसल्यास इंजिन खोलण्याआधी यांत्रिक मापक जोडून खात्री करून घेणे शहाणपणाचे ठरते.

खरा गैरसमज आकड्याच्या अर्थाविषयी आहे. पंप तेल ढकलतो, दाब मात्र त्या तेलाला बेअरिंगांच्या अरुंद फटींत होणाऱ्या अडथळ्यातून निर्माण होतो. म्हणजे काटा तेलाचे प्रमाण नव्हे, तर मुख्यतः अडथळा दाखवतो. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार झालेल्या एमजीबी या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेनुसार चालताना 50 ते 80 आणि इंजिन नुसते चालू ठेवून गाडी उभी असताना 10 ते 25 पौंड प्रति चौरस इंच दाब योग्य मानला जातो. तिचे इंजिन ज्या बी-सिरीज कुळातले, त्याच कुळातले 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरलाही होते, त्यामुळे हा हिशेब भारतीय मिस्त्रींना परका नव्हता.

पहाटेच्या थंड इंजिनात तेल घट्ट असते, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरावीक दाबानंतर जादा तेल परत सोडणारी झडप, उघडेपर्यंत काटा उंच चढतो आणि मग तेथेच राहतो. हा आकडा आश्वासक दिसला तरी इंजिनाच्या प्रकृतीविषयी फारसे सांगत नाही. मे महिन्याच्या उन्हात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी ओलांडून तलासरीकडे सलग वेगाने गेलेल्या गाडीत मात्र तेल पातळ झालेले असते आणि तेव्हाचा आकडा बेअरिंगांची झीज लपवत नाही. काटा वर यावा म्हणून अधिक घट्ट तेल भरण्याची गॅरेजांतली सवय ही निव्वळ वरवरची मलमपट्टी होय, कारण तिने आकडा सुधारतो, रुंदावलेली फट नव्हे. गरम इंजिन उभ्या गाडीत 15 दाखवत असेल आणि वेग देताच काटा तत्परतेने 50 च्या पुढे जात असेल, तर एमजीबीच्या मालकाने चिंता करू नये. परंतु धावत्या गाडीत तो अचानक शून्याकडे घसरल्यास पुढचा पेट्रोलपंप गाठण्याचा मोह टाळून, गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.