मँचेस्टर विमान दुर्घटना
(२२ ऑगस्ट १९८५). इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर उड्डाणासाठी धावत असलेल्या बोइंग ७३७ विमानाच्या एंजिनाला आग लागून झालेली दुर्घटना. ब्रिटिश एअरटूर्स कंपनीचे हे विमान १३१ प्रवासी व ६ कर्मचारी घेऊन ग्रीसमधील कॉर्फू बेटाकडे निघाले होते. धावपट्टीवरच डाव्या एंजिनातील एक ज्वलनपात्र फुटले. त्याच्या उडालेल्या तुकड्याने पंखातील इंधनटाकीचे झाकण भेदले आणि सांडलेले इंधन पेटले. टायर फुटला असावा, असे समजून वैमानिकांनी उड्डाण रद्द केले. विमान लगतच्या मार्गावर वळून थांबले. परंतु मंद वाऱ्याने ज्वाला प्रवासीकक्षाकडे लोटल्या. अग्निशमन दल तत्परतेने पोहोचले, तथापि विषारी धूर आत पसरला होता. उजवीकडील पुढचे दार प्रथम अडकले. पंखावरील संकटद्वाराकडे जाणारी वाटही आसनांमुळे अरुंद होती. एकूण ५५ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू भाजल्याने नव्हे, तर धुरामुळे झाला.

पुढे क्रॅनफील्ड येथे हेलन म्यूअर यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. प्रथम बाहेर पडणाऱ्यांना रोख बक्षीस ठेवल्यामुळे खऱ्या संकटातील रेटारेटी अभ्यासता आली. संकटद्वारांलगत रुंद वाट, सहज न पेटणारी आसने व जमिनीलगतचे मार्गदर्शक दिवे या सुधारणांना या दुर्घटनेमुळे चालना मिळाली. प्रवाशांना धूररोधक टोपरी देण्याची चौकशी अधिकाऱ्यांची सूचना मात्र अंमलात आली नाही.