जन्म कुठे, मुक्काम कुठे? जनगणनेचे प्रश्न आणि आपले स्थलांतर

जनगणना म्हणजे डोकी मोजणे, असा समज सर्वत्र आहे. आम्हाला तो मान्य नाही. माणसे किती आहेत याइतकेच ती कुठून कुठे गेली आणि का गेली, हे शोषित समाजासाठी महत्त्वाचे आहे.

१८८१ च्या जनगणनेत देशभर जन्मस्थान विचारले गेले. जन्म एका ठिकाणी आणि मोजणी दुसऱ्या ठिकाणी झाली, की तो माणूस स्थलांतरित. या साध्या हिशेबाने मुंबईचे खरे रूप उघड केले. १९२१ साली मुंबईतील सुमारे ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा होता. गिरण्या आणि गोदी चालवणारे हात गावांतून आले होते. त्यांत गावकीच्या राबणुकीला कंटाळून निघालेले महारही होते. पण गिरणीतही विणकाम खाते त्यांना बंद होते, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला. जन्मस्थानाच्या रकान्यात यातले काहीच दिसत नाही.

हा रकाना एकटा किती अपुरा आहे, ते खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यावरून कळते. मूळ गाव कोकणातले आंबडवे, जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत, बालपणीची शाळा साताऱ्यात आणि नंतर परळची चाळ. जन्मस्थानापुढे नोंद होणार फक्त 'महू'. मधला सातारा गायब!

ही उणीव स्वतंत्र भारतात हळूहळू भरली गेली. १९६१ मध्ये जन्मगाव ग्रामीण की शहरी आणि सध्याच्या ठिकाणी किती काळ राहता, हे विचारले गेले. १९७१ मध्ये 'याआधी कुठे राहत होता' हा प्रश्न आला, तर १९८१ मध्ये स्थलांतराचे कारण. २०११ मध्ये आधीच्या वास्तव्यानुसार सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित ठरले. त्यांत स्त्रिया बहुसंख्य आणि त्यांचे मुख्य कारण 'विवाह'.

इथेच आमचा आक्षेप आहे. बीडहून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. बाई पहाटेपासून मोळ्या वाहते. पण तिच्यापुढे 'कुटुंबासोबत आली' असे लिहिले, की तिची मजुरी कागदावरून पुसली जाते. शिवाय दरवर्षी जाऊन परत येणाऱ्याची ये-जा एका मोजणीत पकडता येत नाही.

येती लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे ऐन गळीत हंगामात ठरली आहे. यावेळी सर्वांची जातही नोंदली जाणार आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : जात आणि स्थलांतर यांचे तक्ते एकत्र, तालुकावार आणि वेळेवर प्रसिद्ध करा. कोणत्या जातीला गाव सोडावे लागते, हे आकड्यांनी सिद्ध झाल्याशिवाय जमीन, घरकुल आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न सरकारदरबारी टिकणार नाही.

कार्यकर्त्यांनी कोप्यांवर, वीटभट्ट्यांवर, नाक्यांवर जावे आणि लोकांना समजावून सांगावे. प्रगणक आला की आधीचे गाव सांगा, मुक्काम किती दिवसांचा ते सांगा. आणि बाईने ठणकावून सांगावे, 'मी कामाला आले आहे.'

जय भीम!