तीन धारींचा बाण

माझ्या टेबलावर जाड कार्डाची तीन बाजूंची नळी उभी आहे. उंची दोन वीत, वर निमुळती टोपी, खाली प्रत्येक कोपऱ्याला एक पंख. शेजारची आजी दारातून डोकावली आणि म्हणाली, "ह्यो कसलो कंदील रे?" मी म्हटले, "कंदील नाय आजी, बाण आसा." तिने नळी हातात घेऊन फिरवली. "बाण गोल आसता. तीन धारींचो बाण मी काय बघूक नाय."

आजीचे म्हणणे खोटे नाही. दिवाळीत मालवणच्या किनाऱ्यावरून सुटणारे बाण गोल, जत्रेच्या दारूकामातले गोल, श्रीहरिकोट्याहून झेपावणारेही गोलच. या गोलपणाचे कूळ शोधू लागले की पहिली वाट बांबूच्या बेटात जाते.

'बाण' या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ बोरू, वेताची काडी असा आहे. बाणाचा दांडा त्या काडीचा, म्हणून बाणाला तेच नाव. 'शर' शब्दाचीही हीच गोष्ट: आधी गवत, मग तीर. आणि 'नळी'? तिचे मूळ 'नड' किंवा 'नल', म्हणजे पाणथळीतले पोकळ गवत. बाण आणि नळी हे दोन्ही शब्द असे एकाच पाणवठ्यावर उगवले. पुढे कुणीतरी पोकळ नळीत दारू ठासून ती काडीला बांधली, तेव्हा ही दोन भावंडे एकमेकांना पुन्हा भेटली. युरोपातला 'रॉकेट' शब्द इटालियन 'रोकेटो'वरून आला, आणि रोकेटो म्हणजे सुताचे रीळ. तिथल्या लोकांना त्या वस्तूत लांबट गोल रीळ दिसले, आपल्या लोकांना बोरूची काडी दिसली. गोलपणा दोन्हीकडे आला, पण आपल्या शब्दात तो वस्तूच्या द्रव्यातूनच आला.

सिंधुदुर्गात बांबूशी ज्याचा हात बसला आहे त्याला जुन्या बाणाची रचना लगेच समजेल. परसात, बांधावर आपल्याकडे सर्रास दिसतो तो माणगा. तो जवळजवळ भरीव असतो. काठीला, वाशाला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण त्याची नळी होत नाही. नळी हवी तर पोकळ पेराचा कळक शोधायचा. जुन्या बाणाला दोन्ही लागत: दारू कोंडायला पोकळ पेर, आणि उडताना तोल सांभाळायला मागे लांब काठी. एक पेर कापले की एका बाजूचा गाठीचा पडदा बूच म्हणून आयताच मिळतो. निसर्गाने दिलेली ही नळी गोल होती, म्हणून बाण गोल झाला. आकाराची निवड कुणी बसून केलेली नव्हती.

या दारूकामाचा इतिहास नीट मांडणारा माणूस आपल्या कोकणातलाच. परशुराम कृष्ण गोडे यांचा जन्म १८९१ साली देवरुखात झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ते १९१९ पासून ग्रंथपाल-अभिरक्षक होते. १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतल्या भारतीय आतषबाजीचा इतिहास त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. १४४३ साली विजयनगरची महानवमी पाहणाऱ्या अब्दुर रझाक या इराणी वकिलाची नोंद त्यांनी त्यात घेतली, तशीच एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तल्या लग्नाच्या दारूकामाचीही. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'कौतुकचिंतामणि'. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव (१४९७–१५४०) याच्या नावावरचा हा संस्कृत ग्रंथ दारूकामाच्या कृतीच देतो. गंधक, यवक्षार म्हणजे सोरा, कोळसा, पोलादाचा कीस अशा जिनसांच्या यादीतच एक शब्द येतो: नालक, म्हणजे बांबूचे पोकळ कांडे. दारूच्या सामानात नळीही सामान म्हणून मोजलेली आहे. पाककृतीत मसाल्याबरोबर मडके लिहावे तसे.

दुसरे वळण म्हैसूरचे. हैदरअली आणि टिपू यांच्या कारागिरांनी बांबू आणि कागद सोडून मऊ लोखंडाची नळी घेतली. वीतभर लांबीची, दीड ते तीन इंच व्यासाची ही नळी लांब बांबूला बांधलेली असे. लोखंड जास्त दाब सोसते, म्हणून दारू घट्ट ठासता आली आणि मारा लांबला. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरला इंग्रजांनी या बाणांचा मार खाल्ला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर उरलेले बाण इंग्लंडला गेले, आणि त्यांच्यावरून विल्यम काँग्रीव्हने वूलिचमध्ये आपले रॉकेट घडवले. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यात नगरच्या किल्ल्यातल्या एका कोरड्या विहिरीत हजारावर बाण एकत्र सापडले. तेही नळकांडीच. द्रव्य बदलले, आकार जुनाच राहिला. इथे मात्र गोलपणाला स्वतःचे कारण मिळाले होते.

ते कारण दाबाचे. कोंडलेला वायू भिंतीला सगळीकडून सारखाच रेटतो. गोल भिंत तो रेटा आपल्या घेरात ताणासारखा वाटून घेते, कुठलीही एक जागा जास्त सोसत नाही. सपाट भिंत मधोमध फुगते, सारा ताण कोपऱ्यांवर येतो आणि नळी तिथेच उकलते. दुधाची रिकामी चौकोनी पिशवी तोंडाने फुगवून पाहा. तिची सारी धडपड गोल होण्याची असते. दारू जिथे जळते ती नळी म्हणूनच गोल हवी, आणि जुन्या बाणात दारूची नळी हेच बाणाचे धड होते. आजीने पाहिलेला प्रत्येक बाण गोल होता तो यामुळे.

१८४४ साली विल्यम हेल या इंग्रजाने बाहेर पडणाऱ्या झोताला वळण देऊन रॉकेट स्वतःभोवती फिरवले आणि बाणाची काठी गेली. पण धड आणि दारूची नळी एकच राहिली. त्यांची फारकत झाली ती एका चपलांच्या दुकानात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल जोडे विकत असे आणि फटाक्यांचा शौक करत असे. १९५४ साली, भाऊ रॉबर्टच्या मदतीने, त्याने एक छोटे रॉकेट केले. दारूची जाड कागदी कांडी वेगळी आणि उडणारे हलके धड वेगळे. कांडी जळून गेली की काढून टाकायची, नवी बसवायची. धड छत्रीला लटकत सुखरूप खाली यायचे. १९५७ साली स्पुटनिक उडाले, मुले धातूच्या नळ्यांत घरगुती दारू भरून जखमी होऊ लागली. त्याच काळात जी. हॅरी स्टाइन या रॉकेट-अभियंत्याला कार्लाइलची युक्ती कळली, आणि दोघांच्या हातून मॉडेल रॉकेटचा छंद उभा राहिला. पुढे व्हर्न एस्टेसने डेन्व्हरला अशा कांड्या घडवणारे यंत्र बनवले. या छंदाचा पहिला नियम असा की धड, टोपी आणि पंख यांत धातू नको; कागद, हलके लाकूड, प्लास्टिक चालेल. बांबूतून लोखंडात गेलेला बाण मुलांच्या हाती येताना असा कागदात परतला.

या फारकतीने आणखी एक दार उघडले. जळणारी कांडी आत, तिच्याभोवती धड, आणि धडावर आतून दाबच नाही. मग धडाने गोल का राहावे? ते तीन बाजूंचे होऊ शकते, चौकोनी, षटकोनी, खाली रुंद वर अरुंद, काहीही. मोठ्या अग्निबाणांना हे स्वातंत्र्य नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोसाठी मोटरींची जी कवचे होतात त्यांत जळण आणि धड पुन्हा एकजीव असतात. केरळातल्या थुंब्याच्या कोळीवाड्यातून २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडालेल्या पहिल्या रोहिणी रॉकेटचे आरएच-७५ हे नाव ७५ मिलीमीटर व्यासावरून आलेले. ज्या वस्तूची ओळखच व्यासाने होते तिला कोपरे कुठून असणार? त्याच वर्षी थुंब्याला रुजू झालेल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनावर आयुष्य घालवले, आणि ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक असताना, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. तिथे गोलपणा हा अटळ नियम आहे. कोपऱ्यांची चैन फक्त छोट्या, हाताने केलेल्या बाणाला परवडते.

ती चैन किती महाग पडते, याचा हिशेब सोपा आहे. आत १० सेंटिमीटर व्यासाची गोल वस्तू बसवायची आहे असे धरा. गोल आवरणाला ३१.४ सेंटिमीटर घेराचा कागद लागतो. षटकोनी आवरणाला ३४.६, चौकोनी आवरणाला ४०, आणि तिकोनी आवरणाला ५२ सेंटिमीटर. समोरून वाऱ्याला अडवणारे क्षेत्रही नेमके त्याच प्रमाणात वाढते. षटकोनाला दहा टक्के जास्त, चौकोनाला सत्तावीस, त्रिकोणाला पासष्ट. तिकोनी बाण जड होतो आणि कमी उंच जातो. पण दोन गोष्टी तो देतो. घडीची प्रत्येक धार आपोआप कणा बनते, त्यामुळे पातळ कार्डही वाकत नाही. आणि तीन पंखांची जागा मोजावी लागत नाही, तीन कोपरे ती दाखवतात.

गोल नळी गुंडाळून होते, कोपऱ्यांची नळी घडी घालून. गुंडाळायला सळई हवी. घडीला पट्टी आणि सुरीची बोथट पाठ पुरते: रेषेवर दाबून चर पाडायचा, मग कार्ड त्या रेषेवरच मोडते. ही दुसरी विद्या आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. माणग्याच्या काड्या तासून, सांधे दोऱ्याने आवळून षटकोनी आकाशकंदील बांधणारे हात, नरकासुराचा सांगाडा उभा करणारे हात, यांना कोपरा चुकत नाही. चिकटवायला चिंचोक्याची खळ आहेच. सावंतवाडीच्या गंजिफाही तिच्याच जोरावर झाल्या: कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने घट्ट करायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात द्यायचा. समुद्राकाठच्या दमट हवेत नुसते कार्ड दोन दिवसांत पोटाला फुगते. खळीचा एक हात आत आणि लाखेचा एक बाहेर दिला की धारा सरळ राहतात. आजीला माझ्या नळीत कंदील दिसला यात चूक काहीच नव्हती. गोल बाणाचे कूळ बांबूच्या पेराचे, तर माझ्या बाणाचे कंदिलाचे.

दारूची कांडी मात्र घरी करू नये. ती धोक्याची आहे, आणि परवान्याशिवाय केली तर १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हाही. माझ्या तिकोनी धडाच्या आत फसफसणाऱ्या पेयाची प्लास्टिकची बाटली आहे. साध्या पाण्याची बाटली दाब सोसत नाही, ती कधीच घेऊ नये. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, बाकी सायकलच्या पंपाने भरलेली हवा. मी ६० पौंड दाबाच्या पुढे जात नाही, आणि पंप लांब नळीने जोडून दूर उभा राहतो. बुचाची खीळ ओढली की हवा पाण्याला खाली ढकलते आणि बाटली वर उसळते. दाब घेणारी बाटली गोल, वारा कापणारे धड तिकोनी. मधल्या तीन फटींत कार्डाच्या चकत्या बसतात, बाटली मधोमध धरून ठेवायला.

उडण्यापूर्वी बाणाची एक परीक्षा होते. वजनाचा मध्य वाऱ्याच्या रेट्याच्या मध्यापेक्षा टोकाच्या बाजूला हवा, नाहीतर बाण कोलांट्या खातो. जेम्स बॅरोमनने १९६६ साली रेट्याचा मध्य काढायची सूत्रे दिली, पण ती गोल धडासाठी. तिकोनी धडासाठी जुनी रीत बरी: बाणाची बाजूची सावली पुठ्ठ्यावर कापायची आणि ती पट्टीच्या धारेवर जिथे तोलते तो रेट्याचा मध्य मानायचा. मग वजनाच्या मध्याला दोरा बांधून बाण डोक्याभोवती गरगर फिरवायचा. टोक पुढे ठेवून फिरला तर तो उडेल. माझा पहिला बाण शेपूट पुढे करून फिरला. टोपीत मूठभर चिकणमाती भरल्यावर सरळ झाला.

जागा आणि वेळही साधावी लागते. पंखांचा बाण वाऱ्याकडे तोंड वळवतो. दुपारी खारा वारा सुटल्यावर पुळणीवरून सोडला तर तो समुद्राकडे झुकतो आणि लाटांत जातो. म्हणून आम्ही सकाळी सड्यावर जातो, मतलई वारा ओसरून खारा सुरू होण्याआधी हवा थबकते तेव्हा. पाण्याचा बाण असल्यामुळे सुक्या गवताला आग लागण्याची भीती नाही.

परवा आजीलाही सड्यावर नेले. बाण सुटला, पाण्याची शुभ्र काठी क्षणभर खाली लोंबली, तीन धारा उन्हात एकदा चमकल्या आणि तो नारळाच्या दीडपट उंचीवरून गवतात येऊन पडला. आजीने तो उचलून आणला, ओला कोपरा बोटाने दाबून पाहिला. "सा धारींचो कर," ती म्हणाली, "कंदील सा धारींचोच बरो दिसता." षटकोनाला दहाच टक्के कागद जास्त लागतो, हे मी तिला सांगितले नाही, तिच्या हाताला ते आधीच ठाऊक असावे. घरी येऊन ३४.६ सेंटिमीटर मोजून कार्डावर सहा रेषा आखल्या आहेत. चिंचोके भाजून, सोलून भिजत घातले आहेत.